नाल ठोकण्याआधी

मला बोलावणं येतं ते बहुधा घोडा अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर. आता स्वारीला लावायचाय, वरातीला न्यायचाय, नाचकाम शिकवायचंय, तेव्हा वस्ताद, येऊन नाल ठोकून द्या. मी जातो, पाय मांडीवर घेतो आणि पुष्कळदा लगेच कळून चुकतं की इथे माझी खरी गरज होती ती हा घोडा दोन महिन्यांचा असताना. पण तेव्हा पायात नाल नव्हती, आणि नाल नाही तर नालबंदाचं काय काम, असा आपल्याकडचा सरधोपट हिशेब. खूर बघणारा माणूस शिंगराला नालेच्या कितीतरी आधी लागतो, हे मी पागेपागेवर सांगत आलोय.

शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या खुरांना खालून पांढरट-पिवळी, ओलसर, रबरी झालर असते. पोटात पाय झाडताना घोडीला आतून इजा होऊ नये म्हणून असलेली ही सोय. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, खूर नासका जन्मलाय म्हणून फोन करतो. काही करायचं नसतं. शिंगरू उभं राहून चालू लागतं आणि दोन-चार दिवसांत ती झालर आपोआप झिजून जाते. तिच्याखालचा खूर इवलासा, वर रुंद आणि जमिनीकडे निमुळता असतो. तो आईच्या पोटात तयार झालेला. त्याच्या वरून, केस संपतात त्या कडेपासून, नवा खूर उतरू लागतो आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक कंगोरा दिसतो. दर खेपेला तो कंगोरा थोडा खाली सरकलेला बघणं मला फार आवडतं. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास तो जमिनीपर्यंत येतो, म्हणजे तोवर अख्खा खूर नवा झालेला असतो. मोठ्या घोड्याला पुढच्या टोकाशी एवढाच बदल घडायला नऊ महिने ते वर्ष लागतं, कारण त्याचा खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटरच वाढतो.

खुराच्या वर हाडंही याच घाईत असतात. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांबीला वाढतं. घोट्याजवळच्या पट्टीची जोरदार वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकते. पुढच्या गुडघ्याच्या वरची पट्टी मात्र वर्ष-दीड वर्ष चांगली वाढत राहते आणि पूर्ण मिटायला दोन-अडीच वर्षं घेते. माझं सगळं काम या दोन तारखांच्या आत बसवावं लागतं. पट्टी उघडी असताना खुराची एक बाजू दोन-तीन मिलिमीटर कमी केली तर वरचं वजन सरकतं, आणि वाढतं हाड त्या वजनाला जुळवून घेतं. पट्टी मिटल्यावर तीच कानस, त्याच हाताने, त्याच जागी फिरवली तर पाय सरळ होत नाही. वरचे सांधे तेवढे वाकड्या ओझ्याखाली येतात आणि चार वर्षांचा घोडा लंगडू लागतो. दोन वर्षांच्या घोड्याचा वाकडा पाय ‘खूर कापून सरळ करून द्या’ म्हणणाऱ्या मालकाला मी सरळ नाही म्हणतो, मग तो कितीही जुन्या ओळखीतला असो.

पहिल्या भेटीचं वय मी एक ते दीड महिना धरतो. पाय उपजतच वाकडा किंवा कमजोर दिसला तर पहिल्या आठवड्यातच डॉक्टर हवा. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी फेरी. या फेरीत कापायचं फार थोडं असतं. पकडीला हात न लावता नुसत्या कानशीने बरोबरी करायची, कड गोल करायची. तळवा कोरायचा नाही, तो शिंगराला फार पातळ असतो. मधला त्रिकोणी मऊ भाग, ज्याला पुतळी म्हणतात, तोही सोलायचा नाही. खालून गुळगुळीत, पांढराशुभ्र खूर दिसला की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, पण त्या सफाईत शिंगराच्या पायाखालची गादीच काढून घेतलेली असते.

हात लावण्याआधी बघायचं. सपाट फरशी किंवा चोपलेलं अंगण हवं. मोतद्दार घोडीला चालवतो, शिंगरू मागोमाग येतं. एकदा माझ्यापासून लांब जाताना, एकदा माझ्याकडे येताना, एकदा बाजूने. खूर जमिनीला कुठून आधी टेकतो ते बघतो: बाहेरच्या कडेने, आतल्या कडेने, की टोकाने. घोट्यापासून खुरापर्यंतच्या आखूड भागाची तिरकी रेघ आणि खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ एकाच ओळीत यायला हवी. ती मधेच मोडली असेल तर कुठे मोडली, पुढे की मागे, हे मनात नोंदवून ठेवतो. मग घोडीला भिंतीशी उभी करून शिंगराला तिच्या कुशीला लावायचं. खांद्यापासून हात सावकाश खाली आणायचा, घोट्यावर थांबायचं आणि पाय त्याच्या शरीराखालीच, जमिनीपासून वीतभर उचलायचा. मोठ्या घोड्यासारखा बाहेर ओढून मांडीवर घ्यायचा नाही, सांधे कोवळे असतात. पहिल्या दिवशी चारही पाय नुसते उचलून ठेवले, तरी काम झालं असं मी मानतो. शिंगरू इथे शिकतं ते त्याला जन्मभर पुरतं. पाय देताना घाम फुटणारा, लाथ झाडणारा घोडा बहुतेक वेळा लहानपणी दोरीने जखडून कापलेला असतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पुढचे पाय बाहेर वळलेत. जन्मलेल्या शिंगराची छाती अरुंद असते, कोपरं बरगड्यांना चिकटलेली असतात, म्हणून पुढचे खूर थोडे बाहेर बघतात. गुडघेही जरा आत झुकलेले दिसतात. छाती भरत जाते, कोपरं बाहेर सरकतात आणि पाय सरळ होत जातात. अशा शिंगराला दुसऱ्याच महिन्यात बाहेरची बाजू झिजवून ‘सरळ’ केलं, तर छाती भरल्यावर ते आत वळतं, आणि आत वळलेला पाय वयाबरोबर सुधारत नाही. म्हणून थोडं बाहेर वळलेलं असेल तर मी नुसती बरोबरी राखतो आणि मालकाला धीर धरायला सांगतो. घोट्यातून आत वळलेला खूर दिसला तर मात्र एक आठवडाही घालवत नाही. तिथली पट्टी मिटायला आलेली असते. डॉक्टरांना बोलावून, फोटो काढून, लागलं तर खुराच्या बाहेरच्या कडेला रेझिनचा आधार चिकटवायचा. वाकडेपणा वाढत असेल, एकाच पायात असेल किंवा शिंगरू लंगडत असेल, तर हे काम नालबंदाच्या एकट्याच्या हातचं नाही.

उभ्या खुराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो मी सगळ्यात जास्त पाहतो आणि तो सगळ्यात उशिरा दाखवला जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मारवाडी जातीचं काळंभोर शिंगरू होतं, मादी, चौथा महिना लागलेला. त्याच्या मालकांनी, आबांनी, मला ते दाखवायला बोलावलं नव्हतं, घोडीच्या नाला बदलायला बोलावलं होतं. माझी नजर शिंगराच्या डाव्या पुढच्या पायावर गेली. उजव्या खुराची पुढची भिंत छान तिरकी. डाव्याची जवळजवळ उभी, मधे किंचित खोलगट. टाच टोकाइतकीच उंच वाटत होती. खुरावरच्या वळ्या उजव्या पायात पुढून मागे सारख्या अंतराच्या, डाव्यात मात्र टोकाशी दाटलेल्या आणि टाचेकडे फाकलेल्या. टाच वाढतेय पण झिजत नाही, कारण तिच्यावर वजनच येत नाही. टोक झिजून बोथट झालेलं. आबा म्हणाले, ‘‘लंगडत तर नाही, वस्ताद.’’ खरं होतं. या अवस्थेत ते लंगडत नाहीच.

मी टाच कानशीने थोडी उतरवली, शिंगराला फरशीवर उभं केलं आणि खाली बसून बघितलं. टाच टेकली. मोठा दिलासा होता तो. टाच उतरवल्यावर ती अधांतरी राहिली असती, तर त्याचा अर्थ पायामागचा खोल स्नायुबंध एवढा आखडलाय की टाचेला जमिनीपर्यंत येऊच देत नाही. अशा वेळी आणखी उतरवत गेलं तर सगळा ताण टोकाच्या भिंतीवर येतो आणि खूर आतल्या हाडापासून सुटू लागतो. तिथे कानस खाली ठेवायची. इथे टेकली म्हणून पुढे जाता आलं. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी टाच आणि टोकाला रेझिनचा छोटा पुढारा, म्हणजे पाय उचलताना मागचा बंध हलकेच ताणला जावा. डॉक्टरांनी वेदना कमी करायचं औषध मोजून दिलं, कारण दुखरा पाय शिंगरू टेकवत नाही, न टेकवलेला पाय आखडतो आणि आखडलेला पाय आणखी दुखतो.

पण खरा इलाज खुरात नव्हताच. घोडीला आणि शिंगराला मिळून जी चंदी चालली होती ती ऐकून मी चारदा विचारलं: भरडलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, गूळ, वर शिंगराला म्हशीचं दूध. हाडं झपाट्याने वाढत होती आणि मागचे स्नायुबंध त्या मानाने मागे पडत होते. शिवाय दोघी मायलेकी दिवसभर दावणीला, अगाडी-पिछाडी लावून. भाकरी का करपली आणि घोडा का अडला याचं ‘न फिरवल्याने’ हे उत्तर आपल्या आजीला ठाऊक होतं, पण किमती घोडा विकत घेतला की आपण ते विसरतो. चंदी थांबली, घोडीचा खुराक कमी झाला, सकाळ-संध्याकाळ टणक सपाट जमिनीवर बेताची चाल सुरू झाली. दोन्ही खूर पुढे अगदी जुळे झाले असं मी म्हणणार नाही. डावा आजही नखभर उभा आहे. पण ते शिंगरू, आता घोडी, नीट चालते.

ज्यांचं एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे. खोल स्नायुबंधाला वरून धरून ठेवणारा एक लगामी बंध कापतात, मग टाच खाली येते. ती जितक्या लवकर होईल तितका गुण येतो. वर्ष उलटल्यावर खुराचा आणि आतल्या हाडाचा आकारच बदलून गेलेला असतो. मुंबईच्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मना घोड्यांचे अनुभवी डॉक्टर ठाऊक असतात. सोय आहे. कमी पडतो तो वेळेवर बघणारा डोळा.

एकच पाय उभा का होतो, याचं एक कारण चरण्यातही सापडतं. शिंगराचे पाय लांब आणि मान आखूड, त्यामुळे जमिनीवरचं गवत खायला त्याला एक पाय पुढे आणि एक मागे घ्यावा लागतो. डच संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की काही शिंगरं दर वेळी तोच पाय पुढे टाकतात, आणि अशांचे दोन पुढचे खूर वेगवेगळे होऊ लागतात. मागे राहणारा खूर उभा होतो, पुढे जाणारा पसरतो. हे वाचल्यापासून मी शिंगराला चरताना बघितल्याशिवाय निघत नाही. कुंपणाला टेकून दहा मिनिटं बघा, कळतं. चारा एकाच ढिगात न टाकता मोकळ्या जागेत पसरून टाकला तर ते पावलं बदलत खातं.

खाण्याचं बोलणं निघालंच आहे तर कोंड्याबद्दल. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. वाढत्या हाडाला कॅल्शियम स्फुरदाहून थोडं जास्त लागतं. त्यात हिरवा चारा म्हणून नुसता हत्तीघास घातला तर त्यातलं ऑक्झलेट आहे तेही कॅल्शियम बांधून ठेवतं. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं, म्हणून थोडा तो, बाकी सुका चारा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खनिज मिश्रण, एवढं बहुतेक शिंगरांना पुरतं. नुसत्या दाण्यावर फुगवलेल्या शिंगराचा घोटा पुढून बघा: सांध्याच्या वर आणि खाली रुंद, मधे बारीक, डमरूसारखा. वाढीच्या पट्टीला सूज आल्याची ती खूण. दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे चकचकीत, गोलमटोल शिंगराला भाव येतो म्हणून दूध-तूप-बदाम चारणारे बरेच असतात. त्या गोलाईची किंमत पाय मोजतात, आणि मला त्याचा राग येतो.

याच्या उलट चित्र धनगरांच्या वाड्यावर दिसतं. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी घोडं, ज्याला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ते बुटकं, काटक आणि खुराचं टणक. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे उतरतो, पावसाच्या तोंडाशी परततो, पाठीवर बिऱ्हाड लादलेल्या घोडीमागे शिंगरू रोज चालतं. मुरूम, खडक, डांबर, ओढ्याची वाळू, सगळं पायाखालून जातं आणि खूर आपला आपण घासला जातो. उभा खूर मला तिथे क्वचितच दिसला. तिथल्या तक्रारी वेगळ्या: तळव्याला दगडाचा मार, कडेला टवका, कधी काटा. मला तिथे फारसं काम नसतं, तरी मी आवर्जून जातो, कारण मोकळं चालणारा खूर कसा असतो ते डोळ्यांत ताजं राहतं.

पावसाळ्यात पागेत वेगळाच त्रास. लीद आणि मूत यांच्या चिखलात उभं राहून पुतळी सडते. पुतळीच्या कडेच्या खाचेत काळा, चिकट द्रव आणि एकदा नाकात गेला की न विसरणारा वास. अरुंद, उभ्या खुरात ती खाच खोल असते, म्हणून तिथे आधी लागतं. रोज पाय उचलून खाच साफ करायची, कोरडी करायची, सैल झालेला मऊ भाग तेवढा काढायचा, मग आयोडीन किंवा हलक्या हाताने मोरचूद. चांगल्या मांसाला मोरचूद जाळतं, तेव्हा ते ओतायचं नाही. जागा कोरडी नसेल तर कुठलंच औषध टिकत नाही, म्हणून मी आधी फावडं मागवतो.

शिंगरू अचानक तीन पायांवर आलं तर खुरात पू असू शकतो. खूर तापलेला लागतो, घोट्यामागची नाडी बोटाखाली जोरात उडते. जागा शोधून वाट करून दिली की तासाभरात त्याचं तोंड बदलतं. धनुर्वाताची लस झालेली आहे का हे त्याच वेळी विचारायचं, घोड्याइतका धनुर्वात दुसऱ्या जनावराला सहज होत नाही. मात्र काही दिवसांचं किंवा काही आठवड्यांचं शिंगरू लंगडत असेल, ताप असेल, एखादा सांधा फुगला असेल, तर खुरात काही शोधत बसू नका. नाळेतून गेलेला संसर्ग सांध्यात उतरतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर.

सहाव्या महिन्यानंतर शिंगरू आईपासून तोडलं जातं आणि नेमकं तेव्हाच मालकांचं लक्ष कमी होतं. आई गाभण, शिंगरू मागच्या कुंपणात. या वयात खुराच्या कडा फाकतात, फाकल्या की चिरा पडतात, आणि चिरेतून माती वर चढली की भिंत आतून पोकळ होऊ लागते. महिन्याला अर्धा तास कानस फिरली तर यातलं काहीच होत नाही. रेसच्या घोड्यांचं चक्र वेगळं, ते दोन वर्षांचे होताच धावतात, त्यामुळे नालही लवकर येते. बाकीच्यांना मी होता होईतो नाल लांबवतो. टाच प्रत्येक पावलाला किंचित फाकते आणि मिटते, तिच्या फाकण्यातूनच खूर रुंद होतो, आणि खिळ्यांनी बांधलेला खूर ते मोकळेपणी करू शकत नाही. अडीच वर्षांच्या आसपास पुढचे पक्के दात आले, पाठ भरली, रस्त्याचं काम सुरू व्हायचंय, मग ठोकू. ठोकली तरी खिळे पुढच्या अर्ध्यातच, टाच मोकळी, आणि महिन्याने काढून बघायची.

शिंगरू विकत घ्यायला सारंगखेड्याला किंवा अकलूजच्या बाजाराला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: रंग, कान, भोवरे बघायला दिवस पडलाय, आधी त्याला मखमली गादीवरून खाली, टणक जमिनीवर आणायला लावा. तेल माखलेल्या खुराला फडकं मारा, तेलाखाली वळ्या लपतात. दोन्ही पुढचे खूर समोरून आणि बाजूने एकमेकांशी ताडून बघा, टाचांची उंची बघा, चारही पाय उचला. शेवटी विचारा की याला पहिल्यांदा कानस कधी लागली आणि शेवटची कधी लागली. ज्याला दोन्ही तारखा सांगता येतात, त्याच्या दावणीचं शिंगरू मी आधी बघतो.